ओट्याचं दार आणि मधुकर सर

जमलेल्या मंडळींनो, सरांच्या पत्नी शोभाताई, आकाश, आणि मागं दाराशी उभ्या राहिलेल्या माझ्या गल्लीतल्या बायांनो,

मला बोलता येत न्हाई. भांडता येतं, ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आकाश म्हणला, काकू, सरांबद्दल दोन शब्द बोला. मी सरळ न्हाई म्हणले. मंग आज सकाळी हाच विहार झाडला, सतरंज्या टाकल्या, सरांचा फोटो मांडला. फोटोची काच पुसता पुसता हात थांबला. मनात आलं, सुमन, तुला बोलावंच लागंल. माझ्या तोंडून एक गोष्ट गेली आहे. ती सरांपुढं परत घ्यायची होती. सर राहिले न्हाईत. म्हणून तुमच्यापुढं घेते.

माझ्या आधी बोलले त्यांनी सरांची नोकरी सांगितली, बदल्या सांगितल्या, स्वभाव सांगितला. बराबर आहे सगळं. मी कम्प्युटरचं सांगते. हसू नका.

मी चौथीत शाळा सोडली. त्या वर्षी सर नवीनच लागले होते. माझ्या घरी दोन बाऱ्या आले, पोरीला पाठवा म्हणून. कुणी पाठवलं न्हाई. पुढं सर रिटायर झाले तवा मी याच विहारात झाडलोट करत होते. सरांनी कुठून तरी तीन जुने कम्प्युटर आणले, लोकांनी टाकून दिलेले. त्याच्यावर लिनक्स टाकायचं म्हणले. कम्प्युटर ज्याच्यावर चालतो ते. फुकट असतंय, आणि ज्याला जसं पाहिजे तसं बदलता येतं. सर आणि त्यांचे तीन जुने विद्यार्थी, हा आकाश आणि दोघं, मिळून नवख्या माणसासाठी आपलं एक लिनक्स बनवून राह्यले होते. सगळं मराठीत, मोठ्या अक्षरात. नाव ठेवलं ओटा. मी विचारलं, असलं कसलं नाव? सर म्हणले, "घरात जायला बोलावणं लागतं. ओट्यावर कुणीबी येऊन बसतं."

एक दिवस मला हाक मारली. "सुमन, इकडं ये. बस खुर्चीवर."

"सर, मला झाडायचंय."

"झाडून झालं की बस."

"मला काय येतंय त्यातलं? चौथी मी."

"म्हणूनच तर. आकाश बसला तर त्याला सगळंच येतं. त्याचा मला काय उपयोग?"

आकाश, वाईट वाटून घेऊ नको. तुझ्यासमोर म्हणले होते.

मंडळी, सरांची एक रीत होती. मी खुर्चीवर बसले की सर माझ्या मागं उभे राहायचे. दोन्ही हात मागं बांधून. बोलायचं न्हाई, बोट दाखवायचं न्हाई. आकाशचं बोट पुढं आलं की त्याच्या हातावर फटका. मी चाचपडायची, शिव्या द्यायची, तरी सर गप. मी पार थांबले की विचारायचे, "अडलीस?"

"अडले."

"चूक माझी," म्हणायचे, आणि वहीत लिहायचे.

चूक माझी. माझ्या सत्तेचाळीस वर्षांत मला हे कुणी म्हणलं? तलाठ्यानं म्हणलं? बँकेत म्हणलं? नवऱ्यानं म्हणलं? एक माणूस म्हणला. तो त्या फोटोत गेला.

मंग भांडण लागलं ते ब्राउझरचं. ज्याच्यातून इंटरनेट दिसतं ते. असले लई असतात म्हणे. मला त्यांची नावं नीट घेता येत न्हाईत. एक आपल्या फोनमधलं, सगळ्यांच्या ओळखीचं. एक लिनक्सवाल्यांचं आवडतं. सर म्हणायचे, "ओट्याला दार एकच ठेवायचं. तीन दारं दिसली की नवं माणूस उंबऱ्यावरच थांबतं." म्हणजे कम्प्युटर चालू केल्यावर आपोआप कोणतं उघडावं, ते आधीच ठरवून द्यायचं. तेवढ्यासाठी सहा महिने वाद. मी म्हणायची, अहो, पोरीचं लग्न ठरवायला एवढा वेळ लागत न्हाई!

पोरं म्हणली फोनमधलंच ठेवू. सरांनी ठेवलं. मला बसवलं. जल्दी चालत होतं. मधेच त्यानं मला विचारलं, हे लक्षात ठेवू का? मी होय दाबलं.

आता यात कुणाची चूक? आमच्यासारख्या बाया काऊंटरवर काय करतात? साहेबानं काही विचारलं की हो म्हणायचं. कळो न कळो, हो. न्हाई म्हणलं की रांगेच्या शेवटी जा. यंत्रानं विचारलं, मी हो म्हणलं. दहा बाऱ्या विचारलं, दहा बाऱ्या हो.

त्या दिवसांत जालन्याच्या एका डॉक्टरनं मला सांगितलं होतं, गर्भपिशवी काढून टाका. हो, सांगते सगळ्यांपुढं. तुम्हाला माहीतच आहे, आणि का माहीत आहे तेच सांगून राह्यले. मी घरी कुणाला बोलले न्हाई. इथं बसून एकेक अक्षर शोधत कम्प्युटरला विचारलं, काढावी का न्हाई. उठले, झाडू घेतला. माझ्यानंतर गल्लीतली एक बाई पोराचा निकाल बघायला बसली. तिनं पयलं अक्षर दाबलं आणि खाली माझं सगळं उलगडलं. पिशवी, रक्त, खर्चा, सगळं. दिवस मावळायच्या आत माझी जाऊ चुलीपाशी येऊन म्हणते, "अक्का, पिशवी काढायली म्हणे? आम्हाला सांगायचं न्हाई व्हय?"

मी चुलीवरचं तसंच टाकून इथं आले. सर चार माणसांत बसले होते. वाट्टेल ते बोलले मी. तुमच्या ओट्यावर बसवून मला उघडं पाडलं, म्हणले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणले, "सुमन, चूक माझी." आणि त्या दिवशी वहीत लिहिलं न्हाई त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सरांनी दार बदललं. दुसरं लावलं. हे काही विचारायचंच न्हाई. बंद केलं की सगळं विसरून जायचं. मागं कोण बसलं, काय बघितलं, काही न्हाई. पुढच्या बाईला कोरी पाटी. आणि सरांनी मला दुसऱ्या डॉक्टरकडं धाडलं, शोभाताई तुम्ही सोबत आल्या होत्या. पिशवी अजून माझ्यापाशीच आहे. असो.

पण विसरतं म्हणजे पासवर्डबी विसरतं. दर बारीला नव्यानं टाका. लोक कुरकूर करायले. पोरं म्हणली, सर, लोक म्हणतील बिघडलंय. आणि सगळ्यात जास्त कुरकूर कुणी केली? मी. मला दम न्हाई, जन्मापासून न्हाई. मागच्या सोमवारी तीन बाऱ्या पासवर्ड चुकला. मी खुर्ची मागं ढकलली. म्हणलं, "सर, टाका ते फोनमधलंच आणि मोकळे व्हा. बिलकुल डोकं उठवलंय या तुमच्या विसरभोळ्यानं."

सर म्हणले, "बघ हं. तू म्हणलीस तर बदलतो. परत कुण्या बाईचं काही बाहेर पडलं तर?"

मी काय म्हणावं? मी म्हणले, "पडंल तर पडंल."

सर हसले. वही मिटली. "उद्या बोलू," म्हणले.

मंगळवारी सर आले न्हाईत. बुधवारी जाफराबादच्या जीपस्टँडवर बसल्या जागी गेले. हातात पिशवी होती, पिशवीत ती वही.

पडंल तर पडंल. मंडळी, सरांना माझा शेवटचा शब्द हा आहे. ज्या माणसानं माझ्यासाठी दार बदललं, त्याला मी हे म्हणले.

काल आकाश आणि दोघं जण माझ्याकडं आले. लेकरं चांगली आहेत, नोकऱ्यांवरून सुट्ट्या काढून आलीत. म्हणली, काकू, सरांच्या नावानं ओटा लोकांना देऊन टाकतो. ब्राउझर फोनमधलंच ठेवतो, शेवटी तुम्हीच म्हणल्या होत्या ना सरांना? मी मान हलवली. हो म्हणले. परत हो!

ते गेल्यावर मी इथं येऊन मी बसायची तो कम्प्युटर चालू केला. सरांचाबी तोच होता. मनात आलं, सर शेवटचं काय बघत होते ते बघावं. त्यांचं काहीतरी असंल आत. मागचं दिसतं तिथं गेले. कोरं. एक अक्षर न्हाई. सर बसून गेल्याची खूण न्हाई. मला लई राग आला. स्क्रीनवर हात आपटला मी. पस्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला विसरतोस, म्हणले. आणि मंग रडू आलं, ते थांबंना. कारण हेच तर मी मागितलं होतं. माझं झाकलं, तसंच त्यांचंबी झाकलं. स्वतःसाठी वेगळं दार ठेवलं न्हाई त्यांनी.

म्हणून आकाश, सगळ्यांसमोर सांगते. मी न्हाई म्हणते. कालचं हो परत घेते. सोमवारचंबी परत घेते. ही सरांची शेवटची इच्छा आहे असं मी म्हणणार न्हाई, सर तसं काही बोलले न्हाईत, खोटं मला चालत न्हाई. हे माझं म्हणणं आहे. मी तुमची अडणारी बाई आहे ना? मंग मी अडले. ओट्यावर विसरणारंच दार ठेवा. ज्याच्या घरी एकट्याचा कम्प्युटर आहे, त्यानं लक्षात ठेवायचं बटण स्वतः शोधावं आणि दाबावं. आधीपासून दाबून देऊ नका. आणि पासवर्डला कुणाची बोटं दुखली तर माझ्याकडं पाठवा. दर रविवारी मी इथं बसीन. मागं उभी राहीन. बोलणार न्हाई, प्रयत्न करीन.

शोभाताई, तुमच्या माणसाला मी टोचून बोलले. माफी मागायला तो न्हाई. तुमच्याकडं मागते.

आता सगळे उभे राहू. पण सरांसारखे. हात मागं बांधा, दोन्ही. सरांची खुर्ची ती, समोर. तिच्या मागं उभे आहोत असं समजा. कुणी बोलायचं न्हाई, कुणी बोट दाखवायचं न्हाई. दोन मिनिटं.

सर, आम्ही अडलोत.