विटाळ गेला, जखम राह्यली

माझं नाव शेवंता. जलम पोंभुर्ण्याच्या बाजूच्या गावातला, अन् दिली बी तिथून दोन कोसावर, जंगलाच्या या आंगून त्या आंगाले. दोन्ही घरं बुद्धाची दीक्षा घेतलेले. माझी सासू, तिले मी मामी म्हनतो, ती चांद्याच्या दीक्षेले पायी गेली होती, कडेवर लेकरू घेऊन, तेच लेकरू मंजे माझा नवरा. आल्याबरोबर तिनं घरातले सारे देव टोपल्यात भरले अन् नदीत सोडून आली. त्यातच विटाळ बी सोडला. पाळी आली म्हनून बाई दूर बसनार नाई, बाळंतीन बाजूले पडनार नाई, सूतक नाई, काई नाई. या गोष्टीचा मले अभिमानच हाय ताई, आधीच सांगून ठेवतो, नाई तर तुमी लिहान उलटंच. साऱ्या जगानं आमाले विटाळ म्हनून दूर ठेवलं, तो विटाळ आमी आपल्याच घरात काऊन पाळाचा?

पन काय सांगू तुमाले. पहिली पोरगी झाली ते धानाच्या रोवन्याच्या दिवसात, ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट, तवा मी बावीस वर्साची. दाईनं घरीच सोडवलं. पोट्टीचं डोकं मोठं, दीड दिवस अडली, अन् खाली मी फाटली. तुमी बी बाईच म्हनून सांगतो, पार मांगपर्यंत फाटली. दाईनं तेल-हळद लावली, म्हने जुळते आपोआप, पाय जवळ ठेवून पडून राह्य. पडून राहाले मले सवड कोन देते? सहाव्या दिवशी चुलीपाशी, आठव्या दिवशी पान्याले, अन् बाराव्या दिवशी पोरीचा बाप आतल्या खोलीत आला. मी म्हनलं, अजून रक्त जाऊन राह्यलं, मले धड बसता येत नाई. तर तो म्हने, आपल्यात विटाळ असते का?

पाहा तुमी. रक्त म्हनलं का त्याले विटाळच दिसला, जखम दिसलीच नाई. मी पदराचा बोळा तोंडात घातला, बाजूले पोट्टी झोपली होती. अन् ते एक दिवसाचं नोतं, ते रोजचं झालं.

त्याच पंधरवड्यात आमी ज्या कुणब्याकडं रोवन्याले जात होतो त्याची सून बी बाळंत झाली. मी बांधीत कंबरेत वाकून रोप लावून राह्यली, मांड्या चिखलानं भरलेल्या, त्यातून रक्ताची धार, अन् ती तिकडं बंद खोलीत बाजेवर, खाली शेगडी. सव्वा महिना तिच्या नवऱ्याले त्या दाराची बंदी, कोनी तिले शिवाचं नाई. मले हेवा वाटला ताई. कायचा हेवा? विटाळाचा! मी, दीक्षेच्या घरची सून. मंग मले माझाच राग आला, अन् त्याच्याहून जास्त राग आला तो याचा, का नवऱ्यानं माझ्यावर असा हेवा कराची पाळी आनली. तिले बी काई मायेनं नोतं ठेवलं, घान म्हनूनच ठेवलं होतं, थाळी दुरून सरकवत होते. पन तिची जखम भरली. माझी नाई भरली.

लघवीले बसली का मिरची लागल्यावानी आग होये. वास याले लागला. नवरा जवळ आला का अंग आपोआप आखडून जाये, मंग तो म्हने नखरे करते, नाई जमत तर दुसरी आनतो. मामीले सांगतलं तर ती म्हने होते बाई, सारं बसते, अन् विषय बदलून टाके. पोट्टीले सुई टोचाले नर्सबाई आली तवा मी उभी राहू शकत नोती. तिनं दार लावलं, पाह्यलं, अन् अशी भडकली, का मले वाटलं माझ्यावरच भडकली. गोळ्या देल्ल्या, कोमट पान्यात मीठ टाकून बसाले सांगतलं, अन् म्हने तीन महिने नवऱ्याले दूर ठेव. त्याच्यानंतर बी दुखलं तर नाई म्हनाचं, तुझी इच्छा होईल तेव्हाच. माझी इच्छा! हे बी काई असते, हे मले त्या दिवशी समजलं.

मी त्याले तसंच सांगतलं. त्यानं काय करावं? पुनवेले विहारात वंदना झाल्यावर सारे बसले असतानी त्यानं पंचाइपुढं तक्रार केली, का शेवंता घरात विटाळ पाळून राह्यली, जुन्या धरमात चालली. घ्या! जखमी मी अन् गुन्हेगार बी मीच. म्हातारे पंच होते, चांगले मानूस, ते बोलले, काऊन पोरी, आपन हे सोडलं ना?

मांडीवरची पोट्टी कडेवर घेऊन मी उभी झाली.  म्हनलं, विटाळ नाई पाळत मी, बाबा. विटाळ मानसाच्या डोक्यात असते, माझी जखम अंगाले हाय. विटाळ सोडा म्हनून सांगतलं तवा बाळंतिनीले बी सोडू नोका असं कोनी सांगतलं होतं का?

 मान्सं चटईकडं पाहून राह्यले. मंग मांगच्या रांगेतून मामी उठली. मले वाटलं आता मले चार शिव्या बसते. ती म्हने, सून खरी बोलते, मले बी चारही बाळंतपनात तसंच झालं. मामाजी, माझे सासरे, समोरच बसले होते. त्यानं मान वर केली नाई, अन् ती बी त्याच्याकडं न पाहताच बसली.

त्या दिवशी नवऱ्याची खाट बाहेर सपरीत गेली. कोनी ठराव नाई केला, काई नाई, मामीनं सोता उचलून नेली. तीन महिन्यानं माझी जखम भरली, पन पुरी नाई, अजून बी कदी कदी खुपते. त्यानं माफी नाई मांगतली. आता विचारते तेवढं, अन् मी नाई म्हनलं तर मुकाट्यानं पलटून झोपते. आमच्या मोहल्ल्यात कोनी बाळंत झाली का आमी बाया जातो, सव्वा महिना तिच्या नवऱ्याची खाट सपरीत ठेवतो. हासते लोकं. हासू द्या.

मामाजी मांगच्या साली गेले. या उन्हाळ्यात मामीले ताप आला, मी तिचं अंग पुसून देऊन राह्यली, तवा पाह्यलं. गर्भाची पिशवी खाली उतरून पार बाहेर आलेली. धाकट्या लेकराच्या बाळंतपनापासून जुन्या लुगड्याची लंगोटी बांधून ती जगून राह्यली होती, त्याच्यावरच रोवने केले, त्याच्यावरच मोहफूल येचलं, अन् त्याच्यावरच नवरा झेलला. एका घरात राहून मले माहीत नाई! मी तिथंच बसून रडली, अन् रडता रडता मेलेल्या मानसाले शिव्या देल्ल्या.

नर्सबाई म्हने आपरेशन होते, चांद्याले न्या. तर मामी म्हने, आता राहू दे पोरी, म्हातारा गेला, आता कोनासाठी करू?

मी म्हनलं, तुमच्यासाठी, मामी.

असं तिले आजवर कोनी बोललंच नोतं; मंग तिनंच विचारलं, मोटार कदी असते? सोमवारच्या पहिल्या मोटारीनं चांद्याले नेऊन राह्यली मी तिले.