एका हाताचं पवणं

शेवटचं दोघांनी मिळून काय केलं म्हणाल, तर म्हशी नदीपल्याडनं घरी आणल्या. रोजच्यागत. म्होरं माझी बायको हौसा, तिच्या मागं म्हशी, सगळ्यांच्या मागं मी. घाटावर येऊन तिनं लुगडं पिळलं आणि म्हणाली, अवं, आज पाणी गार लागलं. मी म्हटलं, मग काय चुलीवर तापवून ओतू नदीत? एवढंच बोलणं झालं.

आमी गवळी माणसं. शाळा दोन यत्ता, त्याबी धड न्हाईत. गवात पंचगंगेच्या पल्याड, पुलावर गाड्यांची वर्दळ, तिथनं म्हशी न्हेता येत न्हाईत, म्हणून त्यांच्याबरोबर रोज पवत नदी ओलांडायची. पवायला बानं शिकिवलं. छातीवर पडायचं, मान वर, दोन्ही हात एकामागनं एक पाण्याबाहेरनं फेकायचं आणि पायांची कैची, म्हंजे पाय फाकायचं आणि फाटकन मिटायचं. दोन हाताला एक कैची. काहीजण दर हाताला कैची मारायचे, ते लौकर दमायचे. पुढं तलावात शिकलेली पोरं घाटावर याय लागली, ती पाय नुसतं थपाथपा आपटायची, कोण कोण कैची मारून मधी दोन थापा घालायचा. मला इचारायची, मामा, बरोबर कुठलं? मी म्हणायचो, पल्याड पोचलास न्हवं, मग झालं की.

बायकोच्या पवण्याला मातूर हसायचो. तिचं म्हायार नरसोबाच्या वाडीकडचं, नदीतच वाढलेली. ती कुशीवर पडून पवायची. एक हात पाण्यावरनं, दुसरा पाण्यातल्या पाण्यात, कैची मातूर माझ्यापरीस मोठी. मी म्हणायचो, हे काय पवणं हाय, निजलीयास जणू. ती म्हणायची, मी निजून पोचतीया, तुमी दमून पोचताय.

मग काय सांगू तुम्हाला पावणं, एक म्हस बिथरली, तिनं मला गोठ्याच्या भितीला दाबलं आणि उजवा खांदा गेला. बांधून घेतला, पण हात डोक्याच्या वर जाईना. हात वर न्हाय तर पवणं न्हाय, पवणं न्हाय तर म्हशी कशाला. पोरगा कारखान्यात कामाला, त्यो म्हणाला, आबा, इकून टाका. मी व्हय म्हटलंबी. हौसा म्हणाली, एक हात हाय न्हवं? चला.

धुणं धुणाऱ्या बायकांदेखत तिनं मला कमरेएवढ्या पाण्यात आडवा घातला. उजवी कूस खाली, डावा हात वरनं, उजवा पोटाजवळनं ओढायचा. बुडलो की. नाकात पाणी गेलं. एक बाई म्हणाली, हौसाक्का, दाल्ल्याला भोपळा बांध. ही म्हणाली, त्योच भोपळा हाय, आणि दुसरा कुठं बांधू? मग मला म्हणाली, तुमी पाय आदी मिटताय, हात पाण्यात शिरंल तवा मिटा. रोज सकाळी तेच, रोज शिव्या. पर शिकलो. पल्याड गेलो. म्हशी ऱ्हायल्या. माझा वेग कमी झालता, म्हणून तवापास्नं ती म्होरं आणि मी मागं.

त्या सांजेला धारा काढल्या, रतीब घालून झाला, ती चुलीम्होरं बसली आणि म्हणाली, छातीत कळ येतीया, पाणी द्या. मी पाणी आणस्तवर संपलं. त्याच राती मसनवाटंला नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात भावकी. पोरगा म्हणाला, आबा, आता तरी इका. म्हशींनी वरडून गोठा डोक्यावर घेतलता, त्यांला सुतक कुठलं. सोडल्या. मला पाण्यात जायचं नव्हतं. मनात म्हटलं, त्यांची वाट त्यांला ठावं हाय, जातील पवत, आपुन पुलावरनं जाऊ. निम्म्या पुलावर जाऊन खाली बघितलं तर सगळ्या पोटाएवढ्या पाण्यात उभ्या. म्होरं कोण न्हाय म्हणून जाईनात.

मागं आलो. धोतर खोचलं. त्यांच्या मधनं वाट काढत म्होरं गेलो, कुशीवर पडलो आणि हात टाकला.