जाळलेल्या खुर्च्या

अर्ज वाचून होईपर्यंत उभं राहता आलं, तर म्हाताऱ्या सरदार ओपोरला तुरुंगातला मुलगा परत मिळणार होता. गादीवर नव्याने आलेल्या बेला राजाने दरबारातल्या सरदारांच्या खुर्च्या जाळून टाकल्या होत्या. आता त्याच्यापुढे बसणं हा गुन्हाच. दाराशी ओपोरसोबत मेहुणा देनेश होता. रांगेत त्यांच्यामागे उभा असलेला मीठ-व्यापारी कान देऊन ऐकत होता.

"दाजी, तुमचा गुडघा टम्म सुजलाय."

"याच्या बापाच्या शेजारी बसून जेवलोय मी!"

"हे आत बोललात, तर पोरगं कोठडीतच कुजेल."

"आणि पायानेच दगा दिला तर?"

"सरळ गुडघे टेका. त्याला बंदी नाही."

"या गुडघ्यावर? मग उठवणार कोण मला, तू?"

"आधी पोरगं सोडवा."

आतून हाक आली.

मुलगा सुटला. गुडघे टेकलेल्या ओपोरला दोघांनी उचलून बाहेर आणलं. म्हातारा पुन्हा कधी उभा राहिला नाही.