दुसरी गिटार

चिमणी : म्हणे रिफच नाही! दादा, त्या गाण्यात दुसरं आहे काय? पहिल्यापासून शेवटपर्यंत रिफच तर आहे!

दादा : रिफ कशी पाहिजे? गिटारची तीच ओळ फिरून फिरून आली पाहिजे. एकदा ऐकली की दाढी करताना तोंडातून आपसूक निघाली पाहिजे. 'थर्ड फर्नेस' बँडची घे. ढॅण्... ढढॅण्... ढॅण्! संपलं. चार-पाच सूर, पण छातीवरून रोडरोलर जातो. आणि तुझी ती 'ग्लास टॅक्सी'! मिक्सरमध्ये खिळे टाकलेत आणि झाकण लावायचं विसरलेत.

चिमणी : हळू, दवाखाना आहे हा. समोरच्या आजींचं मासिक हातातून पडलं.

दादा : मी हळूच बोलतोय.

चिमणी : तुला वाटतं तसं. हल्ली तू हळू बोलतच नाहीस.

दादा : विषय बदलू नकोस. ज्या बँडला अर्धं जग शिव्या घालतं...

चिमणी : आणि उरलेलं अर्धं त्याच्यावर जीव ओवाळून टाकतं! त्यांना 'बरे आहेत' असं कुणीच म्हणत नाही, हेच तर त्यांचं मोठेपण. तुझ्या 'थर्ड फर्नेस'ला कुणी नावं ठेवत नाही, कारण इतकी वर्षं एकच रिफ वाजवतायत. कधी वर सरकवतात, कधी खाली.

दादा : जीभ झडेल! गिटार धरायला कुणी शिकवलं तुला?

चिमणी : तूच. आणि सोडून कसं जायचं, तेही परवा सरावात याच गाण्याच्या वेळी तूच दाखवलंस. गिटार काखोटीला मारलीस आणि चालता झालास.

दादा : मग काय करू? सगळे घाई करत होते. ड्रमवाला घाई करतो, बेसवाला घाई करतो, तू तर काय, गाडी सुटल्यासारखी.

चिमणी : म्हणजे आम्ही सगळे चुकलो आणि तू एकटा बरोबर?

दादा : छापखान्यात मशीनच्या ठोक्यावर आयुष्य गेलंय माझं. तालाचं मला नको शिकवूस. आणि कान तपासायला आलोय तो तुझ्या वहिनीच्या कटकटीमुळे. टीव्हीचा आवाज मोठा असतो म्हणते.

तज्ज्ञ : या, आत या. दोघंही या. भांडण अर्धवट सोडू नका, दारापलीकडून सगळं कळत होतं मला.

दादा : माफ करा, डॉक्टर. ही माझी धाकटी बहीण. आमच्या हौशी बँडची लीड गिटार. लहानपणी डोक्यावर बसवली, ती अजून उतरत नाही.

तज्ज्ञ : मी डॉक्टर नाही, कानांची तपासणी करते. बसा. मघाशी त्या बंद खोलीत मी हेडफोनमधून शिट्ट्या ऐकवल्या आणि तुम्ही बटण दाबत होता.

दादा : एकही सोडली नाही.

तज्ज्ञ : ऐकू आलेली एकही नाही. मधे तुम्ही बराच वेळ भिंतीकडे बघत बसला होतात. तेव्हाही शिट्ट्या चालूच होत्या.

दादा : काय सांगता? मला वाटलं, तुमचं मशीन बंद पडलंय.

तज्ज्ञ : जाडे, खालचे आवाज तुम्हाला छान ऐकू येतात. वर चढत गेलं की पायऱ्याच नाहीशा होतात. बारीक, टोकदार असं काही पोचत नाही. बोलण्यातले 'स' आणि 'श', चमच्याची किणकिण, पाखरं. छापखान्यात कानांत बोळे घालत होता का?

दादा : आता घालतो. सुरुवातीला घातले की बाकीचे हसायचे. 'राणीसरकार आल्या' म्हणायचे.

चिमणी : थांबा, थांबा, थांबा! बाई, एक विचारू? गिटारच्या तारेवर बोट दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं आणि तार छेडायची. मग घंटीसारखा बारीक सूर...

तज्ज्ञ : हार्मोनिक.

चिमणी : तुम्हाला माहीत आहे?

तज्ज्ञ : 'ग्लास टॅक्सी'च्या पहिल्या दोन अल्बमवर मी कॉलेज काढलंय. तिसऱ्यात त्यांनी सिंथेसायझर आणला आणि आमचा काडीमोड झाला.

चिमणी : अहो, तिसरा तर सगळ्यांत भारी!

तज्ज्ञ : तिसरा? हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजवायला बरा आहे!

दादा : बघा! यांच्या भक्तांचंच आपसांत पटत नाही.

चिमणी : दादा, तू गप्प. नाही, तू बोल. नेमकं सांग, ती रिफ तुला कशी ऐकू येते? तोंडाने वाजवून दाखव.

दादा : कशी म्हणजे? घर्र-घर्र, ढग्. मग कोरी जागा. परत घर्र-घर्र, ढग्. परत कोरी जागा. आणि त्या कोऱ्या जागेत लोक डोळे मिटून माना डोलावतात! कशावर डोलावतात, देव जाणे.

चिमणी : कोरी जागा?

दादा : मग काय आहे तिथे?

चिमणी : दादा, तिथे दुसरी गिटार आहे.

दादा : कसली दुसरी?

चिमणी : हार्मोनिकची! खालची गिटार प्रश्न विचारते, वरची उत्तर देते. त्या उत्तरासाठी तर जग त्या गाण्यावर भांडतं. आणि आपल्या बँडमध्ये ते उत्तर मी वाजवते, तुझ्याच शेजारी उभी राहून. ते संपलं की तू शिरायचं असतं.

दादा : म्हणजे... तुम्ही घाई करत नव्हतात.

चिमणी : नाही रे.

दादा : मला वाटायचं, तिथे तू नुसती बोटं नाचवतेस. लोकांना दाखवायला. काय राग यायचा मला!

चिमणी : आणि मला वाटायचं, तू मुद्दाम उशिरा येतोस. गाणं आवडत नाही म्हणून रेंगाळतोस आणि माझं पुढचं उत्तर पायदळी तुडवतोस. घरी जाऊन उशीला बुक्के हाणलेत मी तुझ्या नावाने.

तज्ज्ञ : श्रवणयंत्रांची ही जोडी वापरून बघायला आहे. कानामागे बसते. मान जरा इकडे.

दादा : स्टेजवर हे लावून उभा राहू? लोक म्हणतील, म्हातारा आला.

चिमणी : आपल्याला ऐकायला येतात ते लोक? वहिनी आणि बेसवाल्याचे सासरे?

तज्ज्ञ : चष्मा लावताच ना? तसंच हे. पण आधीच सांगते, सुरुवातीला सगळं पत्र्यासारखं वाटेल. हरवलेलं सगळं परत येत नाही. यंत्र मदत करतं, नवे कान देत नाही. बोलण्यासाठीची जुळवणी गाण्याला चालत नाही, म्हणून आज गाण्याची वेगळी लावते. आता दुसरा कान. झालं.

दादा : अरे! कोण कागद फाडतंय?

तज्ज्ञ : माझी बाही. टेबलाला घासली.

दादा : बाहीला आवाज असतो?

चिमणी : लावू गाणं? लावते. लावूच का?

दादा : लाव. पण एक लक्षात ठेव, कान बदलले म्हणून मत बदलेल असं समजू नकोस. वाईट वाटलं तर वाईटच म्हणणार.

(गाणं सुरू होतं.)

दादा : घर्र-घर्र, ढग्. हं. तेच आपलं. मिक्सर, खिळे आणि... थांबव. थांबव म्हणतो ना!

चिमणी : काय झालं? त्रास होतोय?

दादा : मागे घे. सुरुवातीपासून.

चिमणी : घेतलं.

दादा : टिण्-टिण्, टिणण्... अगं, हे काय? काचेवर कुणी नखं वाजवत खाली उतरतंय! खालची विचारते, कुठे होतास रे इतके दिवस, आणि वरची म्हणते... परत लाव! परत लाव!

चिमणी : आली ना? दादा, आली ना?

दादा : आली! पत्र्यासारखीच आली, पण आली! म्हणजे ते मान डोलावणारे वेडे नव्हते, अं?

तज्ज्ञ : वरचं थोडं कमी करते. आता बघा.

दादा : आता गोल झालं. बरं वाटतंय. टिणण्... आत्ता! टिणण्... आत्ता! चिमणे, ठोका बरोबर पडतोय का माझा?

चिमणी : बरोब्बर! केसाचाही फरक नाही!

तज्ज्ञ : ठोका छान आहे, फक्त टेबल दवाखान्याचं आहे.

चिमणी : मग आता सांग. सगळ्यांत मोठी रिफ कुठली?

दादा : 'थर्ड फर्नेस'.

चिमणी : दादा!

दादा : अगं, पहिलं प्रेम असं टाकता येतं का? पण ही दुसरी. आणि दोघींत अंतर फार नाही, जेमतेम हातभर. गाणारा मात्र अजून तसाच, मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा. आता तर जास्तच स्पष्ट पडतोय.

तज्ज्ञ : त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

चिमणी : शनिवारी सरावाला येशील?

दादा : ड्रमवाल्याला तोंड कसं दाखवू? सगळ्यांदेखत त्याची अक्कल काढली मी.

चिमणी : तो काय म्हणाला माहीत आहे? दादा नसले की गाण्याला बूड राहत नाही. तू ये फक्त. बाकी मी बघते.

दादा : चिमणे, आत्ता तू काय केलंस?

चिमणी : मी? कुठे काय?

दादा : बोलून झाल्यावर. अगदी बारीक. श्वासातल्या श्वासात हसल्यासारखं.

चिमणी : ते होय? ते होतंच माझं. माझं मलाही कळत नाही.

दादा : लहानपणी असंच हसायचीस. मला वाटलं, मोठी झालीस तशी ती सवय सुटली.

चिमणी : सुटली नव्हती रे.