नदीच्या मातीचा कप

बालाघाटात मी विजेची भट्टी घेतली, तवाची गोष्ट सांगतो. माहे बाबा जन्मभर वैनगंगेच्या मातीचे माठ घडवत आले. मी मात्र बाराशे डिग्रीत पक्की होणारी स्टोनवेअरची माती बाहेरून मागवली. बाबानं चिमूटभर जिभेवर ठेवली अन् म्हणाले, "हिले चव नाही." मंग माह्या कपांसंगं भाजायले नदीच्या मातीचा एक कप करून देला.

"बाबा, हे माती एवढी आग सोसत नाही."

"ठेव तं."

मले नाही म्हणवलं नाही. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तं माहे कप खणखणीत, अन् बाबाचा वितळून खालच्या फरशीले चिकटलेला. बाबा त्या काळ्या चकतीकडे पाहात राह्यले. मंग हळूच म्हणाले, "एवढी आग मी हिले कधी देलीच नव्हती."

बाबा आता नाहीत. ते फरशी मी अजून घासली नाही.