जुळलेली बोटं

"पायाची अशी जुळलेली बोटं आमच्या घरात कुणाची न्हाईत. ही खोट तुझ्या माहेरची, तितंच ने पोरीला," सासूबाई कडाडल्या.

"माझ्या माहेरचे पाय बघून या, मग बोला," मीही सुनावलं.

"हिला उद्या जोडवी कुठं घालायची?" म्हणत त्यांनी माझी ट्रंक उंबऱ्याबाहेर ठेवली.

स्वराज्य मिळून थोडीच वर्षं झालेली, पिंपळीत माझ्या लेकीचं बारसं होतं. लक्षण मधल्या पिढ्या वगळून पुन्हा उगवतं, हे मी आनुवंशिकतेची पुस्तकं वाचून फार पुढं शिकले. त्या दिवशी मला वाचवलं आजेसासूबाईंनी. ते उपकार मी जन्मभर मानीन. लुगड्याचा काठ वर करून त्यांनी स्वतःचा पाय पुढं केला अन् आपल्या सुनेला म्हणाल्या, "माझे पाय एकदा तरी चेपले असतेस, तर ही बोटं कुणाची ते तुला कवाच कळलं असतं."