फुलोऱ्यातली भेट

सुमिए: निदान तो चष्मा तरी उतरव. आजारी बापाला भेटायला आलायस, कारखान्यात गॅस गळालाय म्हणून नाही.

नोबुयुकी: ताई, मार्च महिना आहे, देवदारांचा पराग उडतोय. मागे आईच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांनी आग्रह केला म्हणून मास्क काढला, तर श्वास अडकला. तूच अँब्युलन्स बोलावलीस.

सुमिए: मग मार्चमध्ये येऊच नये. ऑगस्टमध्ये यावं, देवदार तेव्हा गप्प असतात. पण ऑगस्टमध्ये साहेबांना ओसाकात काम असतं!

नोबुयुकी: बाबा ऑगस्टपर्यंत राहत नाहीत, असं तूच फोनवर म्हणालीस.

सुमिए: हो, म्हणाले मी. तुला बोलवा असं मात्र ते म्हणाले नाहीत. चल वर. डोकं सांभाळ, जिना तोच आहे.

तोराझो: कोण आहे गं?

सुमिए: बघा बाबा, कोण आलंय.

तोराझो: डॉक्टर वाटतं. आज नवीनच पाठवलाय. बसा डॉक्टर, ती उशी घ्या खाली.

सुमिए: अहो, डॉक्टर कुठले? हा आपला...

नोबुयुकी: राहू दे.

सुमिए: राहू दे? बरं. बस मग डॉक्टर होऊन. मी चहा टाकते.

(सुमिए खाली जाते.)

नोबुयुकी: कसं वाटतंय आज?

तोराझो: मरतोय. तुम्हाला काय, झाडांच्या फुलोऱ्याचा त्रास आहे?

नोबुयुकी: लहानपणापासून.

तोराझो: माझ्या पोरालाही होता. योशिनोच्या डोंगरात पाच पिढ्या देवदार लावणारं घर, आणि पोरगा कसला, तर नाक पुसणारा. मी म्हटलं, सवय नाही म्हणून होतंय. सवय लावली की जाईल.

नोबुयुकी: कशी लावलीत सवय?

तोराझो: नऊ वर्षांचा होता. ऐन फुलोऱ्यात घेऊन गेलो रानात. झाडाखाली उभा केला आणि वरची फांदी काठीने झोडपली. पिवळा धूर नुसता! पळायला लागला, तर मानगूट धरलं.

नोबुयुकी: तो काही म्हणाला नाही?

तोराझो: पुरे म्हणाला. मग म्हणायचाही बंद झाला. ओठ निळे पडले. त्याची आई ओरडत वर आली आणि पाठीवर घेऊन गेली.

नोबुयुकी: आणि तुम्ही?

तोराझो: झाड तोडायचं राहिलं होतं, ते तोडलं.

नोबुयुकी: पोरगा जगतो की जातो, हे बघायलाही खाली आला नाहीत?

तोराझो: माणसं होती ना कामाला. हसत होती. मालकाच्या पोराला मालकाचीच झाडं सोसत नाहीत, म्हणत होती. त्यांच्यासमोरून पळत खाली जाऊ?

नोबुयुकी: वाईट नाही वाटलं कधी?

तोराझो: लाज वाटली. जेवताना तो समोर शिंकला की घास उतरायचा नाही. शिकायला शहरात पाठवला ना, तेव्हा लोक म्हणाले, तोराझोने पोरासाठी अख्खा उतार विकला. पोरासाठी कसला? तो घरातून जावा म्हणून विकला.

नोबुयुकी: बास.

तोराझो: काय झालं, डॉक्टर?

नोबुयुकी: बास करा. हा काढला चष्मा. हा मास्क. बघा नीट, कोण आहे ते.

तोराझो: बघायचं काय त्यात? आपल्या गावात असला वेश करून दुसरं कोण येतं?

नोबुयुकी: म्हणजे... ओळखलं होतंत? आल्या आल्या?

तोराझो: मग? अंग गेलंय, डोळे नाही गेले.

नोबुयुकी: आणि तरी हे सगळं ऐकवलंत? मुद्दाम? अहो, मी... थांबा, श्वास... चाळीस वर्षं मी स्वतःची समजूत घालतोय, की माझा श्वास कोंडतोय हे बाबांना कळलंच नसेल. आज वाटलं, शेवटी तरी एक शब्द बोलतील. चुकलं म्हणतील.

तोराझो: म्हणणारच होतो.

नोबुयुकी: कधी?

तोराझो: तिकडेच चाललो होतो हळूहळू. डॉक्टरपाशी म्हटलं असतं. तू मधेच तोंड उघडं केलंस.

नोबुयुकी: लावतो परत. हे बघा, लावला. बोला तुम्ही.

तोराझो: आता नाही जमायचं. सुमिएला हाक मार. म्हणावं, खिडकी उघड, रानावरून दुपारचा वारा सुटला असेल.